महाविद्यालयाचे सभागृह वस्तीसाठी उघडायचे असेल, तर आधी तालमीसाठी उघडा

बर्डीचा_प्रेक्षक

नागपुरात नाटकासाठी सभागृहे नाहीत, ही तक्रार आता तितकीशी खरी राहिलेली नाही. सिव्हिल लाइन्समध्ये डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे, लक्ष्मीनगरात सायंटिफिक आहे, शंकरनगरात साई सभागृह आहे, आणि २०१७ पासून रेशीमबागेत महानगरपालिकेचे कविवर्य सुरेश भट सभागृहही आहे. ९९वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन २०१९ मध्ये याच शहराने भरवले. सीताबर्डीच्या जुन्या धनवटे रंगमंदिराची आठवण काढून हळहळणाऱ्यांपैकी मीही एक आहे, पण प्रयोगाची जागा मिळणे ही आज हौशी संस्थांची सर्वांत मोठी अडचण आहे, असे मला वाटत नाही.

अडचण आहे ती तालमीची. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत नागपूर केंद्रावर उतरणारी संस्था त्याआधीचे दीड-दोन महिने कुठे उभी राहते, हे पाहिले की गोष्ट स्पष्ट होते. कुणाच्या तरी घराचा दिवाणखाना, एखाद्या शाळेचा व्हरांडा, मंदिराचा सभामंडप, लग्नाची तारीख नसेल तेव्हा समाजभवन, आणि काहीच जमले नाही तर इमारतीची गच्ची. दहा-बारा फुटांच्या खोलीत बसवलेल्या हालचाली प्रयोगाच्या दिवशी त्याच्या तिप्पट रुंदीच्या रंगमंचावर नेल्या जातात आणि मग पहिल्या अंकातच नटांची पावले चुकू लागतात. परीक्षक ‘हालचाली विस्कळीत’ असा शेरा देतात, तेव्हा त्यातला निम्मा दोष त्या दिवाणखान्याचा असतो.

आता दुसरी बाजू पाहू. शहरातील बहुतेक मोठ्या महाविद्यालयांकडे स्वतःचे सभागृह आहे. वार्षिक स्नेहसंमेलन, एखादे पाहुण्यांचे व्याख्यान, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीची भेट आणि परीक्षेची बैठक व्यवस्था एवढ्यापुरते ते उघडते. संध्याकाळी सहानंतर तिथे कुलूप असते. ‘महाविद्यालयाचे कलाकेंद्र परिसरासाठी’ असा विषय निघाला की चर्चा लगेच महोत्सव, उद्घाटन आणि मोठ्या कलावंतांच्या आमंत्रणाकडे वळते. माझे म्हणणे असे आहे की महाविद्यालयाने आजूबाजूच्या वस्तीला सर्वप्रथम तालमीचे तास द्यावेत. प्रयोग नंतर आपोआप येतील, आणि आले नाहीत तरी चालेल. रंगभूमीशी संबंधित असलेल्यांनी आणि विशेषतः महाविद्यालयांत काम करणाऱ्यांनी मत मांडावे, अशी विनंती आहे.

नेपथ्यकार_नागपूर

बर्डीकरांच्या मुद्द्याशी सहमत आहे, आणि त्याला एक कारण माझ्या कामातून जोडतो. मी अनेक वर्षे प्रकाशयोजना आणि नेपथ्याचे काम करतो. महाविद्यालयांची जी सभागृहे पाहिली, त्यांतील बहुतेक मुळात भाषणांसाठी बांधलेली आहेत. मंचाला विंगा, म्हणजे बाजूचे आडोसे, नसतात, त्यामुळे नट थेट भिंतीतून उगवल्यासारखा प्रवेश करतो. मंचाची खोली इतकी कमी असते की मागे एक पडदा आणि पुढे एक सोफा ठेवला की चालायला जागा उरत नाही. जमिनीला गुळगुळीत फरशी असते, तिच्यावर अनवाणी नाचणारी मुलगी घसरते आणि बुटांतला नट प्रत्येक पावलाला आवाज करतो. मागच्या भिंतीवर संस्थापकांचे तैलचित्र आणि प्रोजेक्टरचा पांढरा पडदा कायमचा बसवलेला असतो. वर दिवे टांगायला आडवा पाइप नसतो, म्हणून दोन बाजूंना उंच स्टँड उभे करावे लागतात आणि त्यांच्या वायरी प्रेक्षकांच्या पायवाटेतून जातात.

सर्वांत त्रासदायक असतो तो आवाज. संवादाच्या नाटकाला ध्वनी विरायला साधारण एक सेकंद लागला तर शब्द स्वच्छ पोहोचतो. संगीताला त्याहून थोडा अधिक काळ मानवतो. उघड्या भिंती, फरशी आणि उंच छत असलेल्या रिकाम्या दालनात हा काळ कितीतरी वाढतो, मागचा शब्द पुढच्या शब्दावर चढतो, आणि ऐकू येत नाही म्हणून आयोजक माइकचा आवाज वाढवतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा भिंतीच्या खिडक्यांत बसवलेले मोठे कूलर बंद ठेवले तर प्रेक्षक बसत नाही, आणि चालू ठेवले तर कुजबुजीचा प्रवेश संपूर्ण वाया जातो. मी एका प्रयोगात दिग्दर्शकाला प्रत्येक शांत प्रसंगाआधी कूलर बंद करण्याची खूण ठरवून दिली होती. कूलरवाल्या शिपायाने ती नटांपेक्षा चोख पाळली.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की यांतील बहुतेक दोष प्रयोगाला नडतात, तालमीला फारसे नडत नाहीत. त्यामुळे कोट्यवधींच्या नूतनीकरणाची वाट पाहण्याची गरज नाही. जाड काळ्या कापडाचे पडदे दोन्ही बाजूंना आणि मागे लावले तर विंगाही मिळतात आणि प्रतिध्वनीही बराच मरतो. मंचावर प्लायवूड किंवा जाड मॅट टाकता येते. चार-सहा लाकडी लेव्हल्स सुताराकडून करून घेतल्या की जिना, ओटा, पार, पलंग काहीही त्यांतून उभे राहते. पैसे जपून खर्च करायचे असतील तर ते प्रकाशासाठी वेगळी विद्युत जोडणी घेण्यावर करावेत, कारण पंख्यांच्याच जोडणीवर दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारे डिमर चालवण्याचा उद्योग मी पाहिला आहे आणि त्यात जळालेल्या प्लगचा वासही घेतला आहे.

प्रभारी_प्राचार्य

मी एका अनुदानित महाविद्यालयात प्रशासकीय जबाबदारी सांभाळतो. कल्पना चांगली आहे हे मान्य करून काही अडचणी मांडतो, कारण त्या या चर्चेत आल्या नाहीत तर उद्या प्रत्यक्ष अर्ज घेऊन आलेल्या संस्थेला माझ्यासारखाच कुणीतरी नकार देईल आणि त्याला कलेचा शत्रू ठरवले जाईल.

पहिली अडचण वेळापत्रकाची. स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असते आणि नेमक्या त्याच काळात विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा चालू असतात. सभागृहात बाके लावून आसनक्रमांक चिकटवलेले असतात. ती बाके रोज संध्याकाळी हलवून सकाळी पुन्हा लावणे शक्य नाही. दुसरी अडचण खर्चाची. वेतनेतर अनुदान, म्हणजे पगाराखेरीजच्या खर्चासाठीचे अनुदान, किती आणि केव्हा मिळते हे अनुदानित महाविद्यालयात काम करणाऱ्यांना माहीत आहे. रात्री साडेनऊपर्यंत चौकीदार, दिवे, पंखे आणि स्वच्छतागृहाची सफाई यांचा भार कोणत्या शीर्षाखाली टाकायचा? तिसरी आणि सर्वांत गंभीर अडचण जबाबदारीची. बाहेरची व्यक्ती आवारात पडली, विजेचा धक्का बसला किंवा कुणाशी गैरवर्तन झाले, तर संस्थेचे अध्यक्ष तालमीच्या दिग्दर्शकाला विचारणार नाहीत, मला विचारतील.

अग्निसुरक्षेचाही विचार करावा लागेल. २००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर सहा महिन्यांनी, म्हणजे जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचे असते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ साली ५९ माणसे गेली, तेव्हा बाहेर पडण्याच्या वाटेतले अडथळे हे एक मोठे कारण होते. काळे पडदे आणि प्लायवूड आणताना ते दाराच्या किती जवळ येतात, हे कृपया नेपथ्यकारांनी सांगावे.

नेपथ्यकार_नागपूर

सर, प्रश्न योग्य आहे. पडद्याचे कापड ज्वालारोधक प्रक्रिया केलेले मिळते, ते थोडे महाग पडते, पण घ्यावे तेच. दोन्ही बाजूंच्या दारांपुढे काहीही टांगायचे नाही आणि काहीही रचायचे नाही, हा नियम मंचामागेही पाळावा लागतो. तिथे तर तो अधिक मोडला जातो, कारण जुने नेपथ्य फेकायला कुणाचा जीव होत नाही.

संध्याकाळची_तालीम

मी पारडीकडच्या भागात राहते आणि नोकरी सांभाळून नाटकात काम करते. या धाग्यावर आतापर्यंत जागेची लांबी-रुंदी आली, पण त्या जागेचा पत्ता कुणी विचारला नाही. तालीम ‘अमुक दादांच्या फ्लॅटवर’ आहे असे घरी सांगितले की वीस-बावीस वर्षांच्या मुलीला परवानगी मिळत नाही, आणि तिच्या आईवडिलांना मी दोष देणार नाही. तीच तालीम महाविद्यालयाच्या आवारात आहे, फाटकावर चौकीदार आहे, नोंदवहीत नाव लिहावे लागते, असे सांगितले की निम्मे प्रश्न संपतात. हौशी संस्थांना स्त्रीभूमिकांसाठी अभिनेत्री मिळत नाहीत, अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते. त्याचा संबंध कलेच्या आवडीशी कमी आणि तालमीच्या पत्त्याशी अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे.

येण्याजाण्याचेही तसेच. मेट्रोच्या एक्वा मार्गावर एलएडी चौक आणि धरमपेठ कॉलेज ही स्थानकेच महाविद्यालयांच्या नावाने आहेत. प्रजापतीनगरहून बसले की सरळ तिथे उतरता येते. शेवटची गाडी रात्री दहाच्या सुमारास असते, म्हणून तालीम नऊला संपलीच पाहिजे. दिग्दर्शकांनी ‘आज एकदा शेवटचा प्रवेश घेऊ’ म्हणत साडेदहा वाजवायचे नाहीत. महाविद्यालयाचे दिवे ठरलेल्या वेळी बंद झाले तर ही शिस्त आपोआप लागेल, म्हणून प्राचार्य सरांचे कुलूप मला तितकेसे वाईट वाटत नाही.

आणि स्वच्छतागृह. ते उघडे, स्वच्छ आणि दिवा असलेले हवे. एवढ्यावर मी थांबते.

अरबाना_ते_अजनी

कामानिमित्त काही वर्षे अमेरिकेत इलिनॉय राज्यातील अरबाना-शँपेन येथे होतो, आता अजनीत परत आलो आहे. ही दोन जोडगावे शिकागोपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांनी वेढलेली आहेत. तिथल्या विद्यापीठात १९६९ साली क्रॅनर्ट सेंटर हे प्रयोगकलांचे केंद्र सुरू झाले. क्रॅनर्ट दांपत्याच्या देणगीतून ते उभे राहिले आणि त्याचे वास्तुरचनाकार मॅक्स अब्रामोव्हित्झ हे त्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी होते. एकाच छताखाली चार नाट्यगृहे आहेत, त्यांतील मोठे संगीतगृह दोन हजारांहून अधिक आसनांचे आहे आणि सर्वांत लहान स्टुडिओ थिएटर आहे.

तिथे मोठ्या वाद्यवृंदापेक्षा मला इमारतीचा तळ अधिक लक्षात राहिला. नेपथ्य बांधण्याची कार्यशाळा, वेशभूषेचा विभाग आणि तालमीच्या खोल्या त्याच इमारतीत आहेत, आणि विद्यार्थी तिथे काम करतच शिकतात. प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम विद्यार्थ्यांबरोबर गावातले स्वयंसेवकही करतात, त्यांत निवृत्त मंडळी पुष्कळ असतात. गावाचे त्या केंद्राशी नाते तिकिटापुरते राहत नाही, त्याचे हे एक साधे कारण आहे.

शेजारच्या आयोवा राज्याचे उदाहरण बर्डीकरांच्या मुद्द्याला अधिक जवळचे आहे. आयोवा विद्यापीठाचे हँचर सभागृह १९७२ साली सुरू झाले आणि २००८च्या पुराने ते निकामी केले. नवी इमारत २०१६ साली उघडली. मधली आठ वर्षे हँचरकडे स्वतःचे सभागृह नव्हते, तरी कार्यक्रम थांबले नाहीत. ते गावातल्या इतर जागांमध्ये होत राहिले, कारण कार्यक्रम ठरवणारी माणसे, वर्षभराचे वेळापत्रक आणि प्रेक्षकांशी असलेला संपर्क जागेवर होता. आपल्याकडे नेमके उलटे आहे. इमारत आहे आणि ती चालवणारे कुणी नाही.

अर्थात तिथल्या देणग्यांची आणि आपल्या वेतनेतर अनुदानाची तुलना करणे अन्यायाचे होईल. त्या केंद्रांत पगारी तंत्रज्ञ आणि व्यवस्थापक यांचा पूर्ण ताफा असतो. पण एक पूर्णवेळ माणूस नेमणे नागपुरातल्या मोठ्या शिक्षणसंस्थेला अगदीच अशक्य आहे, असे मला वाटत नाही.

झाडीचा_पोर

मी मूळचा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा, वडसा भागातला, आता नागपुरात शिक्षक आहे. चर्चा उत्तम चालली आहे, पण ‘परिसर’ या शब्दात कोण येतो हे एकदा स्पष्ट करावे, कारण आतापर्यंतचा परिसर स्पर्धेच्या नाटकांचाच आहे.

आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि त्या रात्री गावात नाटक असते. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, तिकीट काढून लोक येतात आणि वडशाच्या नाट्यमंडळांच्या तारखा आधीच भरलेल्या असतात. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्यावर शहरातल्या लोकांनी झाडीपट्टीचे कौतुक केले, ते योग्यच झाले. तरीही महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात दंडार किंवा खडीगंमत यांसारखी आमची लोककला आली की तिला दहा मिनिटे मिळतात, तीही पाहुणे येईपर्यंत वेळ भरून काढण्यासाठी. ज्या कलाप्रकाराचा श्वासच रात्रभराचा आहे, त्याला दहा मिनिटांत बसवणे म्हणजे त्याची ओळख करून देणे नव्हे.

महाविद्यालयाला खरोखर काही करायचे असेल तर खडीगंमतीच्या शाहिराला विद्यार्थ्यांबरोबर आठवडाभर बसवावे, ढोलकी आणि तुणतुणे हाताळू द्यावे, सवाल-जवाब कसा रचतात ते पाहू द्यावे, आणि त्याला पाहुणा कलाकार म्हणून नव्हे, शिकवणारा म्हणून मानधन द्यावे. उत्तर नागपुरात आंबेडकरी जलशाची परंपरा आहे, शहरात हिंदी नाटक करणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे, धंतोलीत बंगाली मंडळी आहेत. तालमीचे तास वाटताना यांचे अर्ज शेवटी पडणार असतील, तर या योजनेचा लाभ पुन्हा धरमपेठ ते लक्ष्मीनगर एवढ्याच पट्ट्याला मिळेल.

बर्डीचा_प्रेक्षक

हा आक्षेप मला मान्य आहे. तास वाटपासाठी ‘स्पर्धेत उतरणारी संस्था’ ही अट ठेवू नये.

वकिली_चष्मा

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो, कारण तालीम आणि प्रयोग यांत कायदा बराच फरक करतो आणि तो फरक मूळ प्रस्तावाच्या बाजूने जातो.

तालमीला प्रेक्षक नसतो, त्यामुळे बहुतेक परवानग्यांचा प्रश्नच उद्भवत नाही. सार्वजनिक प्रयोग करायचा झाला की महाराष्ट्रात संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. लेखकाच्या हक्कांबाबत महाविद्यालयांत एक गैरसमज पक्का बसलेला आहे की शैक्षणिक संस्थेत केलेल्या नाटकाला परवानगी लागत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधील ती सवलत संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून कर्मचारी आणि विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रयोगासाठी आहे, आणि प्रेक्षकही संस्थेशी संबंधित असावेत, पालक असावेत, या चौकटीतच तिच्याकडे पाहणे सुरक्षित. वस्तीला दार उघडून तिकीट लावले की त्या सवलतीवर विसंबता येत नाही. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला त्याच कलमात वेगळी सवलत आहे. तरीही मी म्हणेन की लेखकाला पत्र लिहावे आणि जमेल ते मानधन पाठवावे. मराठी नाटककार त्या पत्राने सुखावतो, आणि नकार क्वचितच देतो.

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. बंदिस्त सभागृहातल्या वापराला त्यातून सूट असली, तरी शैक्षणिक संस्थांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र असू शकतो, हे लक्षात ठेवावे. म्हणजे झाडीपट्टीचा रात्रभराचा प्रयोग महाविद्यालयाच्या मैदानावर करणे अवघडच. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यामुळे लहान प्रयोगांनी त्याची धास्ती घेऊ नये.

जबाबदारीच्या मुद्द्यावर प्राचार्य सरांची भीती अनाठायी नाही. संस्थेशी लेखी करार, तालमीला येणाऱ्यांची नावे, एक जबाबदार व्यक्ती आणि विम्याचा एक लहानसा भाग एवढे कागदावर असले तर ती भीती बरीच आटोक्यात येते.

प्रभारी_प्राचार्य

कागदाची भाषा आम्हाला समजते, त्यामुळे हा प्रतिसाद उपयोगी वाटला. मीही एक वाट सुचवतो. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात सहशालेय अभ्यासक्रमांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत, त्यांत प्रयोगकलांचा समावेश आहे, आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी ३० तास धरले जातात. हे तास कसे भरायचे, हा प्रश्न आज अनेक महाविद्यालयांपुढे आहे. बाहेरच्या संस्थेची तालीम आमच्या आवारात होत असेल आणि आमचे सात-आठ विद्यार्थी तिथे प्रकाश, नेपथ्य, रंगभूषा किंवा प्रॉम्प्टिंगचे काम करत असतील, तर ते तास नोंदवता येतील. मग चौकीदाराचा आणि विजेचा खर्च अभ्यासक्रमाचा खर्च म्हणून संस्थेपुढे मांडता येतो. व्यवस्थापन समितीला ‘वस्तीची सेवा’ पटवण्यापेक्षा हे पटवणे मला सोपे जाईल, हे प्रांजळपणे सांगतो.

परीक्षेची अडचण मात्र कायम आहे. नोव्हेंबरमध्ये सभागृह देता येणार नाही.

नेपथ्यकार_नागपूर

सभागृह नकोच, सर. पहिल्या मजल्यावरची एक मोठी वर्गखोली द्या, जिची बाके भिंतीला लावता येतील. स्पर्धा ज्या सभागृहात आहे तिथल्या मंचाची रुंदी आणि खोली आम्ही मोजून आणतो आणि तेवढा आयत जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने आखतो. खोली पुरत नसेल तर व्हरांड्यात किंवा बॅडमिंटनच्या कोर्टवर आखतो. दारे कुठे, खिडकी कुठे, सोफा कुठे, हे सगळे पट्टीनेच दाखवतात. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक संस्थाही अशाच आखणीवर तालमी करतात. त्या चौकटीत महिनाभर वावरलेला नट प्रयोगाच्या दिवशी मंचावर बिचकत नाही. शेवटच्या चार दिवसांपुरते सभागृह मिळाले तर उत्तम, आणि परीक्षेमुळे नाही मिळाले तरी काम अडत नाही.

आणखी एक. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन असते आणि सिव्हिल लाइन्सची वाहतूक बंदोबस्तामुळे वळवलेली असते. त्या दिवसांत आपापल्या भागातल्या महाविद्यालयात तालीम असणे, एवढ्यानेच रोजचा एक तास वाचेल.

संध्याकाळची_तालीम

शुल्काचे काय? संस्थांकडून काहीच घेऊ नये, असे मला वाटत नाही. फुकट जागेची किंमत राहत नाही आणि न आलेल्या दिवसाचे कुणाला काही वाटत नाही. पण समाजभवनासारखे भाडे लावले तर आमच्यासारख्या वर्गणी काढून नाटक करणाऱ्यांना ते झेपणार नाही.

झाडीचा_पोर

शुल्क पैशांतच का असावे? ज्या संस्थेला जागा मिळाली तिने वर्षातून एकदा विद्यार्थ्यांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यावी आणि एक प्रयोग त्या भागातील शाळेच्या मुलांसाठी करावा.

प्रभारी_प्राचार्य

कार्यशाळा चालेल. विजेचे देयक मात्र कार्यशाळेने भरता येत नाही, त्यामुळे नाममात्र तासिका शुल्क आणि कार्यशाळा असे दोन्ही ठेवावे लागेल. रकमेबाबत आपले एकमत होईल असे दिसत नाही, तो आकडा प्रत्येक महाविद्यालयाने ठरवावा.

बर्डीचा_प्रेक्षक

ठीक आहे, रकमेचा मुद्दा मोकळा ठेवू. वकील साहेबांनी करारनाम्याचा एक पानी मराठी मसुदा इथेच टाकला तर बरे होईल. त्यात तालमीची वेळ संध्याकाळी साडेसहा ते नऊ अशी स्पष्ट असावी, नोंदवही आणि स्वच्छतागृह यांचा वेगळा उल्लेख असावा, आणि तास वाटपात लोककलेच्या व इतर भाषांच्या मंडळांना राखीव दिवस असावा. पावसाळ्यात, म्हणजे परीक्षांचा आणि स्पर्धेचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, दोन-तीन महाविद्यालयांकडे तो मसुदा घेऊन जाण्याची माझी तयारी आहे. दक्षिण नागपुरातून कुणी सोबत येणार असेल तर कळवावे, कारण त्या भागातील संस्थाचालकांशी माझी ओळख नाही.

वकिली_चष्मा

मसुदा रविवारपर्यंत टाकतो. विम्याच्या कलमासाठी प्राचार्य सरांनी त्यांच्या आवाराच्या सध्याच्या पॉलिसीत बाहेरच्या व्यक्तींचा समावेश आहे का, एवढे पाहून ठेवावे.